हेपॅटायटिसच्या गोळ्या सुरू होताना: ताट, घड्याळ आणि बाटल्यांची पिशवी

गोळ्यांची पहिली बाटली रुग्णाच्या हातात देताना मला जवळपास दर वेळी एकच प्रश्न येतो: "पथ्य काय?" प्रश्न रास्त आहे, पण विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उत्तर आधीच ठरलेलं असतं. लिव्हरचा आजार म्हणजे स्निग्ध पदार्थ बंद, प्रथिनं बंद, बेचव उकडलेलं जेवण. हे सगळं मनापासून पाळणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याच उशाशी ॲसिडिटीची गोळी असते, कोणीतरी प्रेमाने आणून दिलेलं लिव्हर टॉनिक असतं, व्यायामासाठी घेतलेली पावडर असते. यातलं काही औषधात मोडतं असं त्यांना वाटलेलंच नसतं, म्हणून ते डॉक्टरांना सांगितलेलंही नसतं. ताटातल्या पदार्थाने उपचार बिघडल्याचं मी क्वचित पाहिलं. चुकलेली वेळ आणि न सांगितलेली बाटली मात्र पुन्हा पुन्हा पाहिली. म्हणून इथे ताटाची पाळी जरा उशिरा येईल.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं काही सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. तुमचे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत, माझ्यासमोर नाहीत.

पहिली पायरी: आपली गोळी नावानिशी ओळखा

"हेपॅटायटिसची गोळी" अशी एकच गोळी नसते. हेपॅटायटिस बीची औषधं विषाणूला दाबून ठेवतात. ती बहुधा वर्षानुवर्षं, पुष्कळदा आयुष्यभर घ्यावी लागतात. हेपॅटायटिस सीची आजची औषधं विषाणू संपवतात. उपचार बहुतेक वेळा ८ किंवा १२ आठवड्यांचा असतो आणि ९५ टक्क्यांहून जास्त रुग्ण बरे होतात. दोन्हींचे नियम वेगळे आहेत. ओळखीच्या माणसाने "मी तर काहीच पाळलं नाही, तरी बरा झालो" असं सांगितलं, तर त्याची गोळी कोणती होती ते आधी विचारा.

खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांतल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचं नाव असतं. ते वहीत किंवा फोनमध्ये लिहून ठेवा. बीसाठी ते बहुधा एन्टेकाविर किंवा टेनोफोविर असेल. सीसाठी सोफोसबुविरसोबत वेल्पाटासविर, लेडिपासविर किंवा डाक्लाटासविर असेल, नाहीतर ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविर ही जोडी. टेनोफोविरचे दोन प्रकार आहेत, डिसोप्रॉक्सिल आणि अलाफेनामाइड. दोघांचे नियम थोडे निराळे आहेत, म्हणून नाव शेवटच्या शब्दापर्यंत उतरवून घ्या.

दुसरी पायरी: गोळीची आणि जेवणाची वेळ जुळवा

एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायची. म्हणजे आधीच्या जेवणानंतर किमान २ तास आणि पुढच्या खाण्याच्या आधी किमान २ तास. अन्नासोबत घेतली तर औषध कमी शोषलं जातं आणि रक्तातली त्याची सर्वोच्च पातळी जवळजवळ निम्म्याने खाली येते. रिकामं पोट म्हणजे सकाळचं अनशापोट असं अनेकांना वाटतं. मग सकाळच्या घाईत दोन तास थांबणं जमत नाही आणि रोज थोडी थोडी चूक होत राहते. रात्री जेवण लवकर होत असेल, तर झोपताना, दोन तासांच्या अंतराने घेतलेली गोळीही तितकीच योग्य. ज्यांना सकाळ जमत नाही त्यांना मी रात्रच सुचवतो. ठरलेली वेळ रोज एकच असावी, एवढं पुरे.

टेनोफोविर अलाफेनामाइड, २५ मिलिग्रॅमची गोळी, जेवणासोबत. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल, ३०० मिलिग्रॅमची, जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय, कशीही चालते.

सीच्या औषधांत ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविरच्या तीन गोळ्या दिवसातून एकदा, तिन्ही एकाच वेळी आणि खाऊनच घ्यायच्या. तीन म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ एकेक, असा समज सहज होतो. तसं करू नका. सोफोसबुविर-वेल्पाटासविर, सोफोसबुविर-लेडिपासविर आणि डाक्लाटासविर यांना जेवणाची अट नाही. पण वेल्पाटासविरच्या जोडीला वोक्सिलाप्रेविर असेल, तर खाऊन घ्यायची. सीच्या उपचारात कधीकधी जोडीला दिलं जाणारं रिबाविरिनही खाऊनच. "खाऊन" म्हणजे पोटात खरोखर अन्न गेलेलं असणं, कपभर चहा किंवा एक बिस्किट नव्हे. कोणत्याही कारणाने दिवसभर उपाशी राहायचं ठरवत असाल, तर खाऊन घ्यायच्या गोळ्यांचं काय करायचं हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्या दिवसाची गोळी आपल्या मनाने गाळू नका.

गोळी विसरली तर? सोफोसबुविर-वेल्पाटासविरचा नियम असा: नेहमीच्या वेळेपासून १८ तासांच्या आत आठवलं तर लगेच घ्या आणि पुढची ठरल्या वेळी. १८ तास उलटून गेले असतील तर ती सोडून द्या. गोळी घेतल्यावर ३ तासांच्या आत उलटी झाली, तर दुसरी घ्यावी लागते. इतर औषधांची मर्यादा त्यांच्या माहितीपत्रकात असते. दोन दिवसांच्या गोळ्या एकदम मात्र कधीच घ्यायच्या नाहीत.

तिसरी पायरी: ॲसिडिटीच्या औषधाचा हिशेब

या पायरीवर सर्वात जास्त वेळ घालवा, विशेषतः वेल्पाटासविर किंवा लेडिपासविर घेत असाल तर. ही दोन्ही औषधं पोटातल्या आम्लात विरघळतात. आम्ल कमी झालं की ती नीट विरघळत नाहीत, मग शोषली जात नाहीत आणि विषाणूला पुरेसा डोस मिळतच नाही. गोळी रोज घेतली जाते, बाटली वेळेवर संपते, म्हणून रुग्णाला वाटतं सगळं नीट चाललंय. चूक उपचार संपल्यावरच्या तपासणीत कळते. मला सर्वात जास्त वाईट याच चुकीचं वाटतं, कारण ती टाळण्यासाठी फक्त एक प्रश्न वेळेवर विचारायचा होता.

आम्ल कमी करणाऱ्या औषधांचे तीन गट आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

तात्पुरता आराम देणारी अँटासिड, म्हणजे चघळायच्या गोळ्या, दाट पांढरं पातळ औषध, पाण्यात फसफसणारी पावडर. ती आणि हेपॅटायटिस सीची ही गोळी यांच्यात ४ तासांचं अंतर ठेवा. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिणं हेही अँटासिडच झालं. कॅल्शियम कार्बोनेटची हाडांसाठीची गोळीही आम्ल मारते, तेव्हा तिलाही तेच अंतर लावा.

फॅमोटिडिनच्या गटातली औषधं गोळीसोबत त्याच वेळी घ्या किंवा १२ तासांच्या अंतराने. डोस फॅमोटिडिन ४० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, याच्या वर जाऊ नये.

तिसरा गट ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल यांचा, आणि सर्वात सांभाळायचा तोच. वेल्पाटासविरसोबत तो शक्यतो नकोच. अगदीच गरज असेल तर हेपॅटायटिसची गोळी खाऊन घ्यायची आणि ओमेप्राझोल २० मिलिग्रॅम तिच्यानंतर ४ तासांनी. लेडिपासविरचा नियम नेमका उलटा पडतो: दोन्ही एकदम, रिकाम्या पोटी, आणि तेही ओमेप्राझोल २० मिलिग्रॅमएवढ्याच ताकदीपर्यंत. यातलं काही पाठ करायची गरज नाही. डॉक्टरांना एवढंच विचारा: "मी ॲसिडिटीची अमुक गोळी रोज घेतो. ती थांबवू का, बदलू का, की वेळ बदलू?" बऱ्याच जणांची ही गोळी कधीकाळी पंधरा दिवसांसाठी सुरू झालेली असते आणि बंद करायची राहून गेलेली असते. अशा वेळी ८-१२ आठवडे तिच्याविना काढणं जमून जातं.

ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविर घेणाऱ्यांना ओमेप्राझोलमुळे डोस बदलावा लागत नाही. निव्वळ सोफोसबुविरलाही आम्लाची ही अडचण नाही.

चौथी पायरी: घरातली प्रत्येक बाटली एका पिशवीत घाला

एक पिशवी घ्या. घरात तुम्ही तोंडाने घेता ते सगळं तिच्यात टाका: रोजची औषधं, अधूनमधून घेतलेली, व्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, काढ्याची पुडी, झोप येण्यासाठीचे थेंब, वजन कमी करण्याचा चहा, लेबल नसलेली डबीसुद्धा. पिशवी तशीच्या तशी डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे न्या. "तुम्ही आणखी काही घेता का?" या प्रश्नाला प्रत्येक जण "नाही" म्हणतो. पिशवी मात्र काही लपवत नाही. रागावतील या भीतीने काही घरी ठेवू नका. आम्हाला खरोखर फक्त माहिती हवी असते.

पिशवीतून काय बाहेर निघू शकतं ते सांगतो.

सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती उदास मनासाठी आणि झोपेसाठीच्या मिश्रणांत सापडते. शरीरातली औषधं बाहेर काढणारी यंत्रणा ती जोरात चालू करते, त्यामुळे सीवरची औषधं रक्तात टिकत नाहीत. टेनोफोविर अलाफेनामाइडचंही तसंच. उपचाराच्या काळात ती पूर्ण बंद. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरची कार्बामाझेपिन व फेनिटॉइन हीदेखील असंच वागतात. पण ती आपल्या मनाने कदापि थांबवायची नाहीत. डॉक्टर मग हेपॅटायटिसच्या औषधांची निवड बदलतात.

कोलेस्टेरॉलसाठी विकलं जाणारं रेड यीस्ट राइस "नैसर्गिक" म्हणून घेतलं जातं. त्यातला मोनाकोलिन-के हा घटक रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच आहे, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध. ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविरसोबत लोव्हास्टॅटिन, सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन घ्यायची नसतात, कारण त्यांची पातळी वाढून स्नायूंना इजा होऊ शकते. डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवली आणि डबीतलं हे पूरक चालू राहिलं, तर थांबवण्याला अर्थच उरत नाही.

हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडारोन घेत असाल, तर सोफोसबुविर सुरू होण्याआधी हे सांगितलंच पाहिजे. या दोघांमुळे नाडी धोकादायक रीतीने मंदावल्याच्या घटना झाल्या आहेत. हे पूरक नाही हे खरं, पण पिशवीतली ही गोष्ट मी कधी वगळत नाही. इथिनिल एस्ट्राडिओल असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही डॉक्टरांना सांगा. ग्लेकाप्रेविर-पिब्रेन्टासविरसोबत त्या अडचणीच्या ठरू शकतात.

यानंतर येतात "लिव्हर साफ करणारी" मिश्रणं. मिल्क थिसल, म्हणजे सिलिमारिन, हे त्यातलं सर्वात लोकप्रिय. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत हेपॅटायटिस सीच्या रुग्णांना ते नेहमीपेक्षा मोठ्या डोसमध्ये २४ आठवडे दिलं गेलं. औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा एएलटीवर (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा) वेगळा परिणाम दिसला नाही. ते फार घातक आहे असं मी म्हणत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. बाकीच्यांबद्दल मी जास्त कडक आहे. ग्रीन टीचा अर्क भरलेल्या कॅप्सूल, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल (शोषण वाढावं म्हणून त्यांत बहुधा मिरीतलं पायपेरिन घातलेलं असतं), अश्वगंधा, गुळवेल: या प्रत्येकामुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. कपातला ग्रीन टी किंवा जेवणातली चिमूटभर हळद यांची ही गोष्ट नाही. भीती आहे ती दाट अर्काची, आणि तीही आधीच सुजलेल्या यकृतात. शिवाय मधल्या तपासणीत एएलटी वाढलेला निघाला, तर डॉक्टरांना कळत नाही की हे विषाणूमुळे, गोळीमुळे की त्या कॅप्सूलमुळे. त्या गोंधळात चांगला चाललेला उपचार थांबवायची वेळ येऊ शकते.

"वनस्पती आहे, त्रास काय होणार" असं म्हणणाऱ्यांना मी जपानचं उदाहरण देतो. तिथे शो-साइको-तो हे पारंपरिक औषध जुनाट हेपॅटायटिससाठी सर्रास दिलं जाई. १९९०च्या दशकात ते इंटरफेरॉन या तेव्हाच्या हेपॅटायटिसवरच्या इंजेक्शनच्या जोडीने दिल्यावर फुफ्फुसांच्या गंभीर दाहाची प्रकरणं पुढे आली, काही रुग्ण दगावले आणि ही जोडी निषिद्ध ठरवली गेली. त्या औषधाला शतकांची परंपरा होती, पण इंटरफेरॉनसोबत ते कसं वागेल याचा अनुभव कोणालाच नव्हता.

लोहाच्या गोळ्यांबद्दल थोडं. जुनाट हेपॅटायटिस सीमध्ये यकृतात लोह आधीच साचलेलं असू शकतं, म्हणून तपासणीत कमतरता निघाल्याशिवाय लोह घेऊ नका. मल्टिव्हिटॅमिन हवंच असेल तर लोहाशिवायचं शोधा. रिबाविरिनने हिमोग्लोबिन उतरतं तेव्हा घरचे लगेच लोह सुरू करतात. पण ते उतरण्याचं कारण तांबड्या पेशी फुटणं हे असतं, लोहाने ते भरून येत नाही. डॉक्टरांना कळवा, ते डोस बदलतात. व्हिटॅमिन ए यकृतातच साठतं आणि जास्त झालं तर यकृतालाच इजा करतं. प्रौढांसाठी दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम ही त्याची वरची मर्यादा आहे, तेव्हा दोन-तीन पूरकांतलं मिळून किती होतं ते मोजा. नायसिनचे (व्हिटॅमिन बी-३) मोठे डोसही टाळा.

वेदनाशामकांत, सिरोसिस (यकृतात व्रण साचून ते कडक होणं) असेल तर पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या जास्तीत जास्त चार गोळ्या. सर्दी-तापाच्या मिश्र गोळीतलं पॅरासिटामॉलही यातच धरायचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांच्यापासून सिरोसिसच्या रुग्णांनी आणि टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल घेणाऱ्यांनी लांब राहावं, ती मूत्रपिंडावर ताण आणतात.

स्वतः तपासून पाहायचं असेल तर लिव्हरपूल विद्यापीठाचं हेपॅटायटिसच्या औषधांच्या परस्परक्रिया दाखवणारं मोफत संकेतस्थळ आहे. त्यात औषधांसोबत बरीच वनौषधी पूरकंही आहेत. तिथे लाल किंवा नारिंगी खूण दिसली, तर ती डॉक्टरांना दाखवा. तिच्यावरून गोळी बंद करायची नाही.

पाचवी पायरी: आता ताट

सिरोसिस नसेल तर वेगळं असं पथ्य जवळजवळ नाही. नेहमीचं, ताजं, सगळ्या प्रकारचं जेवण घ्या. स्निग्ध पदार्थ पूर्ण तोडू नका. वजन जास्त असेल आणि यकृतात चरबी असेल, तर साखर, गोड पेयं आणि तळलेलं कमी करा, कारण ती चरबी विषाणूइतक्याच चिकाटीने यकृत खराब करत राहते. कॉफी चालते. कॉफी पिणाऱ्यांमध्ये यकृतावर व्रण कमी आढळल्याचं अनेक पाहण्यांमध्ये दिसलं आहे, पण आवडत नसेल तर औषध म्हणून सुरू करायची गरज नाही.

दारू बंद. थोडीशी, सणापुरती, हलकी, यातलं काही नाही. तरीही कधी घेतली गेलीच, तर "आज गोळी नको" असं करू नका. गोळी ठरल्या वेळी घ्या आणि डॉक्टरांना खरं सांगा.

सिरोसिस असेल तर प्रथिनं तोडणं ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. अशा यकृतात साठा राहत नाही, म्हणून रात्रभराच्या उपाशीपणातही शरीर स्वतःचे स्नायू जाळू लागतं. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. डाळी, दूध, अंडी, मासे, जे चालतं त्यातून ती घ्या. दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं खा आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात जाऊ द्या. (एन्टेकाविर रात्री घेत असाल तर हा शेवटचा घास आणि गोळी यांच्यात दोन तास ठेवावे लागतात. अशा वेळी गोळी सकाळीच बरी.) पोटात पाणी झालं असेल तर मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत. पण त्यासाठी बाजारातलं कमी सोडियमचं मीठ घेऊ नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि अंगातलं पाणी उतरवणारी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम हृदयाला घातक पातळीवर जाऊ शकतं.

कच्ची कालवं आणि कच्चे शिंपल्यांतले जीव सिरोसिसवाल्यांनी कधीही खाऊ नयेत. व्हिब्रिओ व्हल्निफिकस या जिवाणूचा संसर्ग त्यांच्यात जिवावर बेततो. हेपॅटायटिस ए हा अन्नपाण्यातून येतो, त्याची लस घेतली आहे का ते याच निमित्ताने विचारून घ्या.

सहावी पायरी: रक्त देण्याआधी काय सांगायचं

केसांसाठी आणि नखांसाठी घेतलेलं बायोटिन मोठ्या डोसमध्ये असेल, तर काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. थायरॉइडच्या तपासण्या आणि हेपॅटायटिसच्या काही तपासण्याही त्यात आल्या. प्रयोगशाळेला आधी सांगा आणि किती दिवस थांबवायचं ते विचारा. क्रिएटिन पावडरमुळे रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसू शकतं. टेनोफोविर घेणाऱ्याचं मूत्रपिंड बिघडलं की काय, अशी नाहक धावपळ मग होते. आदल्या दिवशी जड व्यायाम केला तर स्नायूंमुळेही एएसटी-एएलटी चढतात.

मधुमेह असेल तर सीवरचा उपचार सुरू झाल्यापासून साखर जास्त वेळा तपासा. विषाणू कमी होताच साखर सुधारते आणि इन्सुलिनचा जुना डोस जास्त होऊन ती एकदम खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआरही (रक्त किती वेळात गोठतं ते दाखवणारा आकडा) याच कारणाने हलतो. सीच्या उपचाराआधी बीची तपासणी झाली आहे ना, याचीही खात्री करा. सी नाहीसा होताना झोपलेला बी जागा झाल्याची उदाहरणं आहेत.

डोळे पिवळे होणं, लघवी गडद होणं, पोट फुगणं, शौच काळं होणं, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ: यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. हेपॅटायटिस बीची गोळी "रिपोर्ट चांगले आले" म्हणून परस्पर बंद करू नका. बंद केल्यावर विषाणू उसळून यकृत अचानक निकामी होऊ शकतं.

गोळ्या संपल्यावर

सीचा उपचार संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए तपासणी, म्हणजे रक्तात खुद्द विषाणू आहे का हे पाहणारी तपासणी, करायची असते. विषाणू तेव्हा सापडला नाही तर तुम्ही बरे झालात. अँटिबॉडीची तपासणी यानंतरही पॉझिटिव्हच येत राहते, तिला घाबरू नका. पिशवीतल्या बाजूला ठेवलेल्या पूरकांना ही तपासणी होईपर्यंत हात लावू नका. नंतर एखादं पुन्हा घ्यावंसं वाटलं, तर डॉक्टरांना विचारून एका वेळी एकच सुरू करा आणि त्याची तारीख गोळ्यांच्या त्याच वहीत लिहून ठेवा.